आग्र्याकडून दिसणारा उजेड

रामफूलचा ट्रक वळणावर रस्ता सोडून चरात गेला, त्या दिवसापासून गेंदी दाई यायची बंद झाली आणि अनुसयेच्या पोटातलं बाळ आडवंच राहिलं.

एरवी गेंदी दर मंगळवारी यायची. दुपारची, रस्त्यावरची माणसं भाकरी खाऊन खेजडीच्या, म्हणजे शमीच्या झाडाच्या सावलीला कलंडली की तिच्या घागऱ्याची सळसळ दाराशी यायची. तिळाचं तेल वाटीत कोमट करायची, तळवे एकमेकांवर घासायची आणि अनुसयेच्या पोटावर असे अलगद ठेवायची, जसा आत निजलेल्याला हाक मारण्याआधी दाराला हात लावावा. डाव्या कुशीला चेपून म्हणायची, "अठी माथो," इथं डोकं. मग उजवीकडे, "अठी ढुंगो," इथं ढुंगण. आणि बोटांनी इंच इंच लोटत हसायची. "आडो पड्यो छै. दक्खणी छै ना, सुणै कोनै." आडवं पडलंय, दक्खणचं आहे ना, ऐकत नाही.

अनुसयेला तिची निम्मी भाषा कळायची, पण हात सगळे कळायचे. अजून दोनचार खेपांत फिरवते, असं गेंदीनं बोटांनी फिरवून दाखवलं होतं. आणि मग ती आलीच नाही. एक मंगळवार गेला, दुसरा गेला. तेलाची वाटी कोनाड्यात तशीच राहिली, तिच्यावर मुंग्या चढल्या.

मागल्या हिवाळ्यात पहिलं बाळ असंच आडवं होतं. तेव्हा गेंदीची ओळख नव्हती. कळा सुरू झाल्यावर ज्ञानोबानं बैलगाडी केली आणि बस्सीच्या दवाखान्याची वाट धरली. वाटेतच सगळं झालं. बाळ रडलं नाही. ज्ञानोबानं रस्त्याच्या कडेला एका खेजडीखाली, गाडीतच असलेल्या आपल्या फावड्यानं जागा केली. त्या खेजडीवरून जाताना तो आजही सायकलीवरून उतरतो. कुणाला काही सांगत नाही, नुसता उतरतो आणि चालतो.

ज्ञानोबा सातारा जिल्ह्यातला. पलटणीत रस्ते आणि पूल बांधणाऱ्या तुकडीत होता, शेवटची वर्षं जयपूरच्या छावणीत काढली, तिथंच सुटला आणि आग्रा रस्त्यावर डागडुजीच्या टोळीचा मुकादम झाला. राहायला दगडी दोन खोल्यांचं घर मिळालं. आग्र्याच्या बाजूच्या बस्सी गावाकडून येणारा रस्ता सुतासारखा सरळ येतो आणि बरोबर या घराशी आला की डावीकडं मोडून जयपूरची वाट धरतो. आजूबाजूला बाजरीची मोकळी रानं, लांब मेंढरांचे कळप, आणि दिवसभर पुढून धूळ, मागून धूळ.

उजेडाची गोष्ट कार्तिकात सुरू झाली. चीनची लढाई तेव्हा नुकतीच थांबली होती. बस्सीच्या चहाच्या टपरीवर एका ट्रकवाल्यानं सांगितलं, वळणाच्या अलीकडे एकदम समोरून उजेड येतो. मग दुसऱ्यानं. मग एका मोटारवाल्या डॉक्टरानं. जमिनीपासून कमरेएवढा उंच, पांढराफेक, डोळ्यांत सुई जावी तसा. जवळ जावं तर नाही. कोणी म्हणालं, दुश्मनाचा हेर विमानांना खूण करतो. कोणी म्हणालं, जुनी सती आहे. आणि रामफूलनं, गेंदीच्या लेकानं, समोरून एका डोळ्याचा ट्रक अंगावर येतोय असं वाटून चाक फिरवलं. फरशा भरलेला ट्रक कलंडला. त्याचा उजवा हात कोपराखाली मोडला. शेठनं त्याला प्यायलेला ठरवून कामावरून काढलं.

त्यानंतर लोकांना हेर नको झाला. दोष द्यायला दक्खणी घर बरं पडलं.

विहिरीवर अनुसया गेली की बायका घागरी बाजूला सरकवायच्या. पाणी भरू द्यायच्या, तेवढी माणुसकी होती, पण तिची सावली घागरीवर पडू द्यायच्या नाहीत. एकजण दुसरीला म्हणायची, "जठे दक्खणवाळी, उठैई उजाळो." दुसरी म्हणायची, "पैलो टाबर खाग्यी." अनुसयेला एवढं कळण्याइतकी भाषा आली होती. जिथं दक्खणची बाई तिथंच उजेड, आणि पहिलं लेकरू खाल्लं म्हणे. ती दोर ओढत राहायची. पोट आडवं येई, म्हणून पाय फाकून उभी राहायची आणि दोराचा काच तळहातात रुतू द्यायची. एकदा मागून कोणीतरी 'डाकण' म्हणालं, म्हणजे चेटकीण. कोण, ते वळून बघायचं धाडस तिला झालं नाही. दूध घालणारी गुजरीण त्याच आठवड्यात यायची थांबली.

ही गोष्ट तिनं सासूला सांगितली नाही. भागुबाईला हिंदीही येत नव्हती आणि तिकडची बोलीही. ती विहिरीकडं जायची नाही. तिचं जग उंबरा, चूल आणि तुळस.

ज्ञानोबा मात्र गप्प बसणारा नव्हता. पलटणीचा जुना कोट अंगावर घालून तो रोज दिवेलागणीला वळणावरच्या मोरीच्या कठड्यावर बसू लागला. घरापासून हाकेच्या अंतरावर. थंडी अशी की विडीचा धूर कुठला आणि श्वासाची वाफ कुठली, ते कळू नये. बस्सीकडून गाडीचे दिवे दिसायचे, मोठे व्हायचे, आणि एकाएकी ब्रेक करकचून लागायचे. गाडी मुंगीच्या पावलानं पुढं यायची. ज्ञानोबा हात करून थांबवायचा.

"क्या हुआ?"

"आपने नहीं देखा? सामने ही तो था."

"मैं इधर ही बैठा है. कुछ नहीं देखा."

"मुकादमजी, आँख मारता है कभी कभी," एकजण गळ्यातला ताईत चाचपत म्हणाला. "बुझता है, फिर जलता है."

जयपूरकडून येणाऱ्यांना विचारलं की ते हसायचे. "कुछ नहीं है. आगरेवाले पीते हैं." टपरीवर यावरून हमरीतुमरी झाली. आग्र्याकडून येणारे शपथा घ्यायचे, जयपूरकडून येणारे त्यांना दारुडे म्हणायचे. एकच ड्रायव्हर जाताना खोटं म्हणायचा आणि परत येताना थरथरायचा.

ओव्हरसियर नंदकिशोरजी एकदा दुपारी सायकलवरून चौकशीला आले. तारेचे खांब पाहिले, टेकाडावर चढून अभ्रकाचे दगड सापडतात का ते पाहिलं, अनुसयेच्या हातचा चहा घेतला. म्हणाले, "रात को मैं खुद बैठूँगा." ऊन कलल्यावर मात्र त्यांना सर्दी आठवली, आणि मफलर गुंडाळून ते अंधाराआधी गेले.

ज्ञानोबा घरी येऊन म्हणाला, "मला दिसंना. माझ्याच डोळ्यांत काय खोट हाय का काय."

"तुमच्या न्हाई," अनुसया भाकरी थापत म्हणाली. "मीबी बघितलं की दारातनं. गाड्या थांबत्यात तेवढं दिसतं."

"भिऊन भिऊन थांबत्यात मेले," भागुबाई म्हणाली. "देवाचं नाव घेत न्हाईत. मी दिवा लावते तर ह्या घराला काय बाधतंय बघू."

आणि ती उठून तुळशीकडं गेली.

ही तुळस म्हणजे भागुबाईचा जीव होता. पहिलं बाळ गेल्यावर ती गावाकडून आली, तेव्हा बरोबर डबा होता पत्र्याचा, त्यात रोप. पहिल्याच थंडीत गोठलेल्या दहिवरानं ते करपलं. दुसरं लावलं ते बकऱ्यांनी खाल्लं. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा तिचा नेम. तिसऱ्या रोपाच्या वेळी ती उपाशी बसली ती बसलीच. मग तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर ज्ञानोबानं टोळीतल्या कजोड गवंड्याला हाताशी धरलं. कजोडनं मोरीतून उरलेल्या दगडांचं कमरेएवढं वृंदावन बांधलं, वरून चुना घासून असा गुळगुळीत केला की हात फिरवावा तर घसरावा.

दिव्यासाठी चौकोनी कोनाडा ठेवायचा होता. कजोडचं म्हणणं, तोंड घराच्या दाराकडं ठेवू, बाई उंबऱ्यातून दर्शन घेतील. भागुबाई म्हणाली, "देवाचं त्वांड उगवतीकडं." उगवतीला रस्ता होता, तो बस्सीपर्यंत सरळ. ज्ञानोबानं समजावल्यावर कजोडनं मान डोलावली. त्याच्या वाडवडलांनी राजाच्या महालात भिंतींना आरसे जडवले होते, त्याच्या घरी अजून एक पेटी होती तुकड्यांची. त्यानं कोणाला न विचारता कोनाड्याच्या तळाला, दोन्ही बाजूंना, पाठीमागं आणि वरती आरशाच्या कापट्या बसवल्या, सांधा दिसणार नाही अशा. म्हणाला, "माँजी, एक दिवो मेलो, सौ दीखसी." एक दिवा ठेवा, शंभर दिसतील. भागुबाईनं पणती ठेवली. खरंच कोनाडाभर पणत्याच पणत्या झाल्या. आल्यागेल्याला नावं ठेवणारी ती म्हातारी त्या दिवशी म्हणाली, "ह्याच्या हाताला देव हाय."

लोक उजेडाला भ्यायला लागले तशी भागुबाई दिव्याला जास्त जपू लागली. रोज दुपारी राखेनं आरसे घासायची, ओल्या फडक्यानं पुसायची, पदरानं कोरडे करायची. संध्याकाळी दिवा लावून प्रदक्षिणा घालायची. डावा गुडघा आखडलेला, म्हणून कोनाड्यापुढून जाताना वृंदावनावर हात टेकायची, क्षणभर थांबायची, मग पाय ओढून पुढं व्हायची. अनुसया उंबऱ्यात बसून ते पाहायची. या बाईच्या पायाची ओढ तिला पाठ झाली होती.

"ह्यो हाय तवर काय येत न्हाई बघ घरात," भागुबाई म्हणायची.

पौष लागला. एके रात्री अनुसयेच्या पोटात असं काही फिरलं की तिला वाटलं, वळलं. ती हात ठेवून बसून राहिली. सकाळी चाचपलं, तर डोकं डावीकडंच. तिनं चुलीपुढं बसून नवऱ्याला सांगितलं, "मी गेंदीकडं जाते. तिच्या पाया पडते."

"जयपूरच्या दवाखान्यात जाऊ की."

"कशानं? ट्रकनं?" ती म्हणाली. दोघंही वाटेवरच्या त्या खेजडीचाच विचार करत होते.

गेंदीची ढाणी, म्हणजे चारसहा घरांची वस्ती, बस्सीच्या वाटेवर रस्त्यापासून थोडी आत होती. ज्ञानोबानं तिला सायकलीवर बसवलं नाही. दोघं थांबत थांबत चालत गेली. अनुसयेनं एका हातानं नवऱ्याचा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हातानं पोट उचलून धरल्यासारखं. काटेरी कुंपणापाशी रामफूल बाजेवर बसला होता. हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. त्यानं त्यांना पाहिलं आणि मान फिरवली.

गेंदी बाहेर आली, घुंघट ओढून. अनुसयेपुढं कधी घुंघट ओढत नसे ती.

"काकी," अनुसया आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "बाळ तसंच है. हाथ लगाओ ना."

"म्हूं कोनै आऊं, बीनणी." मी नाही यायची, सूनबाई.

"मैंने क्या किया?"

गेंदीनं बाजेकडं पाहिलं. मग लेकाकडं बोट केलं. "म्हारो एक ही छोरो छै. थारै बारणै सूं उजाळो आयो. थूं कर्यो कि कुण कर्यो, म्हनै ठा कोनै. म्हनै डर लागै छै." एकुलता एक लेक, उजेड तुझ्या दारातून आला, तू केलास की कुणी ते ठाऊक नाही, पण भीती वाटते, एवढं अनुसयेला कळलं. तिचा आवाज रागीट नव्हता. तेच वाईट होतं. रागावली असती तर अनुसया भांडली असती. ती भीत होती, आणि तेलाचे ते हात ओढणीखाली एकमेकांत घट्ट धरून उभी होती.

परतताना ऊन गेलं. अनुसयेच्या पायांत गोळे आले, ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. ज्ञानोबानं बस्सीकडून येणारा खडीचा ट्रक थांबवला. ड्रायव्हर भरतपूरकडचा, पोक्त. बाईची अवस्था पाहून त्यानं सीटवरची गोधडी झटकली. ज्ञानोबा मध्ये बसला, अनुसया खिडकीशी. "धीरे चलाना भैया," तिनं एकदाच सांगितलं.

अंधार पडत होता. ड्रायव्हरनं दिवे लावले. रस्ता सरळ झाला आणि ड्रायव्हर पुटपुटू लागला. "जय बजरंगबली. जय बजरंगबली."

मग तो उजेड आला.

अनुसयेनं ऐकलं खूप होतं, पण पाहिल्यावर तिनं गोधडीची कड मुठीत धरली. लांब, काळोखात, पांढरा, टोचणारा. हलत नव्हता. नुसता बघत होता. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि खडी मागं खळखळली. ज्ञानोबानं तिचं मनगट धरलं. एवढे दिवस कठड्यावर बसून त्याला जे दिसलं नव्हतं, ते आता त्याच्या समोर होतं.

"हाय की गं खरंच," तो हलक्या आवाजात म्हणाला.

तेवढ्यात उजेड विझला. ड्रायव्हरनं श्वास घेतला, तोवर पुन्हा लागला. "आँख मारता है. देखा? आँख मारता है."

पुन्हा विझला. या वेळी अनुसयेनं नीट पाहिलं. एका कडेकडून काळं आलं. मध्यावर थांबलं. जरा जास्तच थांबलं. मग ओढल्यासारखं पुढं सरकलं आणि उजेड मोकळा झाला. तेवढाच वेळ गेला, आणि पुन्हा तसंच. काळं, थांबणं, ओढणं.

ती पुढं वाकली. पोट आडवं आलं तरी वाकली.

"अहो," ती म्हणाली, "आत्याबाई."

"कोण?"

"आत्याबाई हायत. पर्दक्षिणा घालत्यात. गुडघा बघा की."

ज्ञानोबा तिच्याकडं पाहत राहिला. तिला भ्रम झाला असं त्याला वाटलं असावं. तिनं ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, बत्ती बंद करो."

"पागल हो क्या, बहन?"

"एक बार. बंद करो."

ड्रायव्हरनं देवाचं नाव घेत दिवे मालवले. समोर काळोख. उजेड नाही, काही नाही. फक्त डोळे सरावल्यावर मोहरीएवढी एक पिवळी ठिणगी दिसली. सासूची पणती. "अब चालू." दिवे लागले, आणि समोरून तो पांढरा डोळा पुन्हा उघडला.

अनुसया हसायला लागली. आधी हळू, मग आवरेना. हसताना पोट दुखू लागलं, तिनं दोन्ही हातांनी ते धरलं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही थांबेना. ज्ञानोबानं हात लांब करून ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. "तुम्हारा ही उजाला है, भाईसाब. आरसे में से वापस आता है. हमारी माँ का तुळस है वो."

ड्रायव्हरनं चाकावरचे हात सैल केले. मग म्हणाला, "चार बार मन्नत मानी मैंने इस मोड़ पर."

घरी पोचल्यावर भागुबाईला समजावणं सोपं गेलं नाही.

"माझ्या दिव्याला आळ आणता व्हय रं?"

"आये, दिव्याला न्हाई. आरशाला. गाडीचा उजेड त्यात पडतो, जिकडनं आला तिकडंच माघारी जातो. गाडीत बसल्याशिवाय दिसत न्हाई. म्हनून मला दिसंना."

"रोज घासते मी ते," भागुबाई म्हणाली.

"तेच की."

म्हातारी मागं वळली. चुलीपुढं बसली, जाळ खालीवर केला. मग विचारलं, "त्या पोराचा हात... मोडला त्यो ह्यानंच?"

त्या रात्री ती जेवली नाही.

सकाळी उजाडायच्या आत भागुबाई काठी घेऊन निघाली. कुणाला बरोबर येऊ दिलं नाही, पण ज्ञानोबा सायकल हातात धरून मागं मागं राहिला. त्यानं नंतर अनुसयेला सांगितलं ते असं. म्हातारी ढाणीत शिरली, गेंदीच्या अंगणात गेली, बाजेवरच्या रामफूलपुढं जमिनीवर बसली. गुडघा वाकेना, तरी बसली. तिला त्यांचा एक शब्द येत नव्हता. तिनं दोन्ही कान धरले. मग त्याच्या बांधलेल्या हातावर आपला हात ठेवला आणि मराठीत म्हणाली, "माझ्या दिव्यानं झालं, लेकरा. मला ठावं नव्हतं." शेजारपाजारच्या बायका कुंपणाशी जमल्या. गेंदीनं घुंघट मागं सारला आणि ज्ञानोबाला विचारलं, "कांई खै छै?" काय म्हणते ही?

त्यानं सांगितलं. गेंदीचा विश्वास बसला नाही. रामफूलचा तर नाहीच. आरशाचा आणि ट्रकचा काय संबंध? पण एक म्हातारी कान धरून अंगणात बसलेली होती आणि उठता उठत नव्हती. "चाल," रामफूल शेवटी आईला म्हणाला. "देखां."

संध्याकाळी भरतपूरवाल्याचा ट्रक खडी ओतून बस्सीला माघारी गेला आणि दिवेलागणीला रामफूल आणि गेंदीला घेऊन निघाला. ज्ञानोबा त्यांच्याबरोबर होता. टपरीवरचे दोघंचौघं मागं चढले. इकडं वळणावर अनुसया गोणपाट घेऊन वृंदावनापाशी उभी राहिली. शेजारी भागुबाई. आणि थोडा लांब कजोड गवंडी, हात बगलेत खुपसून, आपल्यावर काय बालंट येतंय या काळजीत.

लांबून ट्रकचे दिवे दिसले. अनुसयेला तेवढेच दिसत होते, दोन दिवे, मोठे होत येणारे. तिनं कोनाड्यावर गोणपाट टाकलं. काढलं. टाकलं. काढलं. तिच्या बाजूनं काहीच बदलत नव्हतं. पणती आपली तेवत होती. एखादं खुळं काम चारचौघांत करावं तसं तिला वाटत होतं. हात भरून आले. "दे हिकडं," भागुबाई म्हणाली आणि गोणपाट तिनं घेतलं.

ट्रक आला आणि वळणावर थांबला. इंजिन बंद झालं. मग रामफूल उतरला. सरळ वृंदावनापाशी आला, वाकला, धड हात कोनाड्यात घातला, आरशांवरून बोटं फिरवली. तिथंच मातीत बसला.

"माँ," तो म्हणाला, "म्हूं पियेड़ो कोनै छो."

प्यायलेलो नव्हतो. एवढंच. आणि तो पुन्हा तेच म्हणाला. टपरीवरच्या एकानं मागून सांगितलं, शेठला आम्ही सांगतो, सगळे जाऊन सांगतो.

गेंदी लेकाकडं गेली नाही. ती अनुसयेपुढं आली, थंडीनं गार पडलेले तळवे एकमेकांवर घासले, खूप वेळ घासले, आणि तिथंच रस्त्याच्या कडेला, सगळ्यांकडं पाठ करून, पदराखालून तिच्या पोटावर ठेवले.

"अठी माथो," ती म्हणाली. डाव्या कुशीवर तिची बोटं थांबली. "हाल तांई अठी ही बैठ्यो छै." अजून इथंच बसलंय.

अनुसयेनं डोळे मिटले. किती दिवसांनी कोणीतरी तिच्या बाळाशी बोललं होतं.

दुसऱ्या दिवसापासून गेंदी रोज आली. मंगळवारची वाट पाहायला वेळ नव्हता. तेल, तळवे, डावीकडून वर, उजवीकडून खाली. अनुसया दात आवळून दारातून दिसणाऱ्या खेजडीकडं बघत पडायची. आणि एका दुपारी पोटात मोठी लाट फिरल्यासारखी फिरली. गेंदी मागं टेकून बसली, कपाळावरचा घाम पुसला आणि पाण्याचा तांब्या एका दमात प्याली. "सुण लियो," म्हणाली. ऐकलं एकदाचं.

मुलगी झाली. डोकं आधी. रडली ती अशी की बाहेर ज्ञानोबानं हातातलं घमेलं टाकलं. गेंदीनं नाळ कापली, तिला पुसलं, उजेडाकडं धरून निरखलं आणि भागुबाईच्या ओच्यात दिलं. "ले, थारी डाकण," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा त्या शब्दावर घरातल्या सगळ्या बायका हसल्या. भागुबाईला अर्थ कळला नाही. तीही हसली.

गुजरीण पुन्हा दूध घेऊन आली. मापाहून जास्त ओतलं आणि गेली.

भागुबाईनं आरसे शेणमातीनं बंद करून टाकले होते. स्वतःच्या हातानं, एकेक कापटी. कजोड येऊन बघून गेला, चेहरा पाडून. रस्ता अंधारा झाला. मग हळूहळू टपरीवर वेगळंच बोलणं सुरू झालं. वळण कळत नाही. आता सवय झाली होती, उजेड दिसला की गती कमी करायची. परवा एक ट्रक मोरीच्या कठड्याला घासला. बाळाच्या बारशाला रामफूल आला. कामट्या निघाल्या होत्या, शेठनं पुन्हा कामावर घेतलं होतं. त्यानं गुळाची भेली ठेवली आणि ज्ञानोबाला म्हणाला, "माँजी नै खैवो, थोड़ो सो खोल दे."

ज्ञानोबानं मराठीत सांगितलं, थोडंसं उघडा म्हणतोय. भागुबाईनं ऐकलं आणि नातीला अनुसयेच्या मांडीवर दिलं.

"आधी झाक म्हन्त्यात, मग उघड म्हन्त्यात."

पण उठली. नारळाची करवंटी घेतली आणि कोनाड्यातली माती खरवडू लागली. सगळी नाही. एका कोपऱ्यात, तळहाताएवढी. ओल्या फडक्यानं पुसली, पदरानं कोरडी केली.

संध्याकाळी अनुसया उंबऱ्यात बसून लेकीला पाजत होती. सासू प्रदक्षिणा घालत होती, हात टेकत, पाय ओढत. बस्सीकडून दोन दिवे आले, मोठे झाले, आणि वळणाच्या बरंच अलीकडे गाडीची गती आपणहून उतरली. ब्रेक करकचला नाही. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला आणि गाडी सावकाश डावीकडं वळून गेली.

त्या माणसाला काय दिसलं असेल ते अनुसयेला ठाऊक होतं. उंबऱ्यातून पाहिलं तर नुसती पणती होती, मोहरीएवढी. लेकीनं दूध सोडलं आणि तिकडं बघत राहिली.